मामांच्या पोटातला राखणदार

माणसाला धक्का देण्यासाठी ईश्वराने विजेशिवाय आणखी काही निर्माण केलं असेल, तर ते म्हणजे माझ्या बायकोचे मामा. रत्नागिरीजवळ मिरजोळ्याला त्यांची हापूसची बाग होती आणि मनात येईल ते त्याच क्षणी बोलून मोकळं व्हायचं हा त्यांचा धर्म होता. मी मुलगी बघायला गेलो, तेव्हा पोह्यांची बशी हातात पडायच्या आत ते मला म्हणाले, "पोरगी रागीट हाय. आत्ताच सांगतो, मागाहून बोंब मारायची नाय." माझ्या वडिलांना ठसका लागला. आंब्याची पेटी न्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला ते आपण होऊन सांगत, "खालच्या थरात डागी फळ हाय." गिऱ्हाईक गांगरायचं, पण पेटी घेऊन जायचं. मामी बिचाऱ्या दर वेळी पदर तोंडाला लावून "ह्यांचं काय मनावर घेऊ नका" म्हणत.

पुढे मामांना कावीळ झाली. मंडणगडकडच्या एका वैदूचा पाला खाऊनही उतरेना, तेव्हा मी त्यांना मुंबईच्या इस्पितळात नेलं. ऐंशीच्या दशकात कॅन्सर हा शब्द रोग्यासमोर काढायचा नाही अशी रीतच होती. डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावून सगळं सांगितलं. मी चेहरा सावरत बाहेर आलो आणि म्हणालो, "पित्ताची सूज आहे, मामा."

"स्वादुपिंडात गाठ हाय आणि ती कापता येत नाय," मामा म्हणाले. "मी दाराला कान लावून होतो." मला घेरी यायची तेवढी बाकी होती. त्यांनीच मला पाणी आणून दिलं. रत्नागिरीला परतल्यावर एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी जाहीर केलं, "मला कॅन्सर झालाय, तेव्हा जिलबी हात राखून वाढू नका." वाढपी ताट धरून तसाच उभा राहिला.

पुन्हा मुंबईला नेऊन गाठीला मशीनचा शेक द्यायचं ठरलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी समजावलं की किरणांनी गाठ जळते, शिवाय शरीराची राखण करणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींना त्यामुळे कधीकधी गाठीचा सुगावा लागत असावा. राखण म्हटल्यावर मामा ताठ बसले. आमच्याकडे प्रत्येक बागेला डोळ्यांना न दिसणारा राखणदार असतो आणि आंबा उतरवण्याआधी त्याला नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. मामांनी विचारलं, "शेकानं राखणदार जागा होतो, की तोच भाजून निघतो?"

डॉक्टर म्हणाले, "दोन्ही होत असावं. जळलेल्या पेशी हाक मारतात, आणि गाठ राखणदारांना बाहेरच थोपवून धरते. कोण जिंकतं, ते आम्हाला अजून ठाऊक नाही."

"हा माणूस आपल्यातला हाय," मामा मला म्हणाले. इतकं खूश झालेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

पहिल्या शेकाच्या दिवशी खोलीबाहेरच्या बाकावर नारळ ठेवून त्यांनी खणखणीत आवाजात सुरुवात केली, "बा राखणदारा म्हाराजा, तुझ्या हद्दीत चोर शिरलाय. आगीला भिऊ नको, हाकेला धाव, म्हाराजा." धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. पण बाकांवरचे निम्मे रोगी कोकणातले होते. त्यांनी गाऱ्हाण्याच्या रीतीप्रमाणे एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हटलं आणि नर्स धावत बाहेर आली.

शेक पुरे झाले, दुखणं कमी झालं आणि आंब्याचा एक हंगाम मामांनी बागेत सुखाने काढला. मग त्यांनी पुन्हा अंथरूण धरलं, आणि एका सकाळी सगळ्यांसमोर म्हणाले, "मला मुंबईला न्या. तिथंच मरतो. मग डॉक्टराला पोट उघडून बघू दे, राखणदार जागा झाला होता काय ते."

आमच्या मुलखातली माणसं जन्मभर मुंबईत खपतात आणि मरायला गावी येतात. हे उफराटं कुणी ऐकलं नव्हतं. मामी आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्यावर ओरडल्या, "स्वतःचं अंगण सोडून परमुलखात जीव सोडायचा? आणि वर फाडाफाड?"

"त्या पोराला ठाऊक नाय गो," मामा म्हणाले. "कुणाला तरी कळायला हवं."

 संध्याकाळी मामींनीच मामांचे कपडे पिशवीत भरले.

मामा मुंबईतच वारले. पोट उघडून तपासणी झाल्यावर तेच तरुण डॉक्टर बाहेर आले आणि मामांशी बोलत तसंच सरळ बोलले. "राखणाऱ्या पेशी आल्या होत्या. गाठीच्या कडेला पुष्कळ गोळा झाल्या होत्या. आत शिरता आलं नाही त्यांना."

मला वाटलं, या घटकेला तरी ते खोटं बोलले असते तर बरं झालं असतं. पण मामींनी डोळे पुसून विचारलं, "म्हणजे हाक ऐकली होती त्यांनी?"

"हो, ऐकली होती."

"ह्यांना किती बरं वाटलं असतं," मामी म्हणाल्या. तोवर आवरून धरलेलं रडू मला मग आवरेना.