बैल उधळला त्या दिवशीची आग

ती घटना माझ्या डोक्यातून अजून गेलेली नाही. मी पोलिसात शिपाई म्हणून भरती झालो आणि एएसआय होऊन घरी बसलो. शिक्षण म्हणाल तर दहावी नापास. लिहिण्याची सवय ती फक्त स्टेशन डायरीची. पण घरची बाई नेहमी म्हणायची, "अवो, बाकी काही नका लिहू, पण त्या चौकीदाराचं लिहा." तिला जाऊन वर्ष होत आलं. म्हणून लिहितो.

घाटंजीकडच्या एका जिनिंगच्या आवारात सकाळीच आग लागली. कापसाचा हंगाम जोरात होता. आवारात कापसाच्या गंज्या लागलेल्या, बाहेर बैलबंड्या आणि गाड्यांची रांग. कापसाची आग लबाड असते. आत धुमसत राहते, वरून काही दिसत नाही, आणि दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. विझली म्हणून पाठ फिरवली की दुसरीकडून धूर.

जिनिंगच्या मालकानं तिथंच उभं राहून चौकीदाराचं नाव घेतलं. भाचीच्या लग्नाला सुटी दिली नाही म्हणून आदल्या दिवशी दोघांचं वाजलं होतं. "पाहून घेईन" असं चौकीदार चारचौघांत बोलला होता. खिशात बिडीचं बंडल निघालं. ज्यांचा कापूस जळला ते लोक ओरडत होते, "द्या त्याले आमच्या हाती!" मी त्याला जीपमध्ये कोंबला आणि ठाण्यात आणला. जाणूनबुजून आग लावल्याचा गुन्हा दाखल झाला, अटक झाली. दुसऱ्या दिवशी कोर्टात हजर करायचं होतं.

लॉकअपमध्ये टाकण्याआधी माणसाच्या अंगावर दोरी, पट्टा काही ठेवत नाहीत. मी त्याला कमरेचा करदोडा काढायला सांगितला. तो म्हणाला, "करदोडा मेल्यावर तोडतेत, साहेब." असं बोलणाऱ्या माणसाचा भरवसा नसतो. गार्डला म्हटलं, याच्यावरून नजर हटवायची नाही.

विचारपूस मीच केली. हात लावायची गरजच पडली नाही.

"आग कोणं लावली?"

"मीनं नाही लावली. पण लागली माह्याच बिडीनं."

"तू पाह्यलं?"

"पाह्यलं नाही. पण दुसरं कोण बिडी पेते तिथं? माह्यानंच लागली. लिहून घ्या अन् मोकळे व्हा."

ठाणेदार साहेब खूश झाले. पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण माणूस कबूल झाला की ठाण्यातले सगळे सैल पडतात, चहा मागवतात. मला तो चहा गेला नाही. बिडी त्यानं गेटजवळच्या हौदावर ओढली होती, थोटुक पाण्यात टाकलं होतं. पंचनाम्यात तर आग पेटल्याची जागा दुसऱ्या टोकाला, ऑफिसच्या पायरीशी होती. आणि आत तो माणूस पाणीसुद्धा पीत नव्हता. मी दर थोड्या वेळानं जाऊन त्याची छाती हलते का ते पाहत होतो.

त्याची बायको ठाण्याच्या पायरीवर डबा धरून बसलेली. मी तिला आत बोलावलं.

"बाई, सकाळी तू गेलती का जिनिंगवर?"

"गेलती ना, डबा द्याले. तवाच तर तो बैल उधळला."

बैलाची गोष्ट मी सकाळपासून पाच जणांकडून ऐकली होती. बैल कसा उधळला, बंडी कशी कलंडली, बंडीवाला कापसात कसा तोंडावर पडला. सांगताना सगळे हसत होते. बैल काहून उधळला, हे कोणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं.

"बैल काहून उधळला?"

"मालकाच्या पोराच्या गाडीनं. बंदुकीसारखे फटाके काढे ते गाडी. मंग ऑफिसपाशी नेऊन उभी केली, चालूच ठेवली."

"कापूस सांडला होता तिथं?"

"त्याच्यावरच तं उभी केली."

मालकानं जबाबात मुलाचंही नाव घेतलं नव्हतं आणि गाडीचंही. मी फोन केला. मालक म्हणाला, "गाडी यवतमाळला सर्व्हिसिंगला आहे." मग जरा थांबून, "जमादार, रिटायर कधी होता तुम्ही?"

मी दोन पंच घेतले आणि यवतमाळकडे निघालो. वाटेत एकच धास्ती होती, की गाडी धुऊन झाली असेल.

गॅरेजमध्ये ती गाडी लिफ्टवर टांगलेली होती. दोन दारांची, बसकी स्पोर्ट्स कार. मिस्त्री खाली उभा राहून सायलेन्सरचे नट सोडत होता.

"पाना ठेव खाली. काय करून राह्यला?"

"नवा काढून जुना लावतो, साहेब. शेठजींचा फोन आला. आजच पाहिजे म्हणे."

"नवा कवा बसवला?"

"मागच्या हप्त्यात. कंपनीचा डबा आवाज दाबते. पोट्ट्याले आवाज पाहिजे होता. हा मोठा, स्टीलचा, दोन नळ्यांचा. गाडीबी हलकी होते."

कोपऱ्यात एक वाकडा पातळ पत्रा पडला होता. मी विचारलं, हा कशाचा?

मिस्त्री पुन्हा पान्याकडे वळला. मी पुन्हा विचारलं.

"सायलेन्सरखालचा. धग अडवते. नवा डबा मोठा, त्याच्यात हा आडवा ये. म्हणून काढला."

"मग धग कुठं जाते?"

"खाली," तो म्हणाला आणि मान खाली घातली.

मी बॅटरी मारली. डबा आणि तो धरणाऱ्या पट्टीच्या फटीत काळं, जळकं बोंडासारखं काही चिकटलं होतं. चिमट्यानं काढलं. जळका कापूस, आणि त्यात अर्धी करपलेली सरकी. रस्त्यावरच्या कचऱ्यात सरकी सापडत नाही. पंचांच्या सह्या घेतल्या, पाकीट सील केलं. मी ठाण्यात फोन लावला आणि पहिलं हेच विचारलं, "तो माणूस ठीक आहे ना?"

मुलगा संध्याकाळी हजर झाला. मुजोर नव्हता, घाबरलेला होता. "काका, मित्रांना नुसता आवाज ऐकवत होतो. निघताना आरशात थोडा धूर दिसला. वाटलं, गाडीचाच असेल." त्याला कळलं नव्हतं, हे मी मानतो. पण बापाला कळलं होतं. कळल्यावर त्यानं गॅरेजला फोन केला, ठाण्याला नाही.

निष्काळजीपणाचा गुन्हा मुलावर लागला. चौकीदाराविरुद्ध पुरावा नाही असा अहवाल आम्ही कोर्टात दिला आणि तो सुटला. त्याचा करदोडा मी स्वतः त्याच्या हातात दिला. तो त्यानं बांधला नाही, खिशात ठेवला.

काही महिन्यांनी तो आठवडी बाजारात दिसला. बिडी सोडली होती. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "साहेब, आता कोणी ऐकत नाही. खरं सांगा. माह्या बिडीनं नाही ना लागली?"

मी त्याला सरकीचं सांगितलं, पत्र्याचं सांगितलं. त्यानं सगळं ऐकून मान हलवली. पुढच्या बाजारात भेटला तर पुन्हा तेच. तेव्हा मी वैतागलो होतो. घरी येऊन बायकोला म्हटलं, "कोर्टानं सोडलं, पण हा बुढा स्वतःले सोडत नाही." ती म्हणाली, "तुमचं काय जाते? इचारलं की सांगा."

नोकरीत मी पुष्कळ चोर पाहिले. चोर शेवटपर्यंत नाही म्हणतो. ज्यानं काही केलं नाही तोच लवकर हो म्हणतो, हे या केसनं शिकवलं. पोलिसात नवीन लागलेल्या पोरांनी हे ध्यानात ठेवावं. कबुली मिळाली की चहा मागवू नका.

बायको गेल्यावर मी डॉक्टरला विचारलं होतं, तिला एक दिवस आधी दवाखान्यात आणलं असतं तर? डॉक्टर म्हणाले, काही फरक पडला नसता. कागद दाखवून समजावलं. पुढच्या महिन्यात मी पुन्हा जाऊन तेच विचारलं. त्यांनी पुन्हा सांगितलं.

परवा बाजारात चौकीदार भेटला. त्यानं विचारलं. मी त्याला खाली बसवलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. बैलापासून.