दिवस बुडाल्यावरही न उतरलेलं दुखणं

माझं डोकं लग्नाच्या आधीपासूनच दुखायचं. उजव्या भुवईवर सुरू व्हायचं, दिवस वर चढेल तसं चढायचं आणि उन्हं कलली की आपोआप उतरायचं. आमच्याकडे त्याला सूर्याची अर्धशिशी म्हणतात. ती सूर्याबरोबर येते आणि सूर्याबरोबर जाते, म्हणून तिच्यासाठी कोणी दवाखान्यात जात नाही. पहाटे दिवस उगवायच्या आत गूळ-तूप खायचं, कपाळावर सुंठ उगाळून लावायची, डोक्याला पदर घट्ट बांधायचा आणि अंधाऱ्या कोपऱ्यात पडून दिवस बुडायची वाट पाहायची. माझ्या आईनं तेच केलं होतं. मीही तेच करत आले.

सासर सीमेपलीकडचं, तेलुगू मुलखातल्या नार्नूरकडचं. घरी थोडा कापूस, थोडी ज्वारी आणि विहिरीखाली भाजीपाला. बाजार सासूबाई करायच्या. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. डोक्यावर टोपलं घेऊन त्या उटनूरच्या बाजारात जायच्या, तिथं तेलुगू गिऱ्हाइकाशी तेलुगूत आणि व्यापाऱ्याशी हिंदीत भांडायच्या आणि संध्याकाळी रिकामं टोपलं घेऊन घरी यायच्या. मी चौथी शिकलेली, त्यांना अक्षर माहीत नव्हतं. पण चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही. त्या म्हणायच्या, "माह्या सुनेले देवानं जीभ देली, पण थे फक्त जेवासाठी."

माझी मोठी मुलगी पोटात होती तेव्हाची ही गोष्ट. पंच्याऐंशीच्या आसपासचं साल असेल. आठवा महिना होता. कापूस वेचणीला आला होता आणि घरधनी पहिल्या वेच्याच्या कापसाची गाडी घेऊन आदिलाबादला जिनिंगवर गेले होते. माझं अंग भरलं होतं. पाय सुजले होते, तोंड गोल झालं होतं, बोटं जाड झाली होती. शेजारच्या म्हाताऱ्या काकू मला पाहून कौतुक करायच्या.

"कशी भरली वो सून तुमची! सासूच्या हातचं मानवलं."

आत्याबाई हसून म्हणायच्या, "मानवन नाही त काय. माह्या वाटची भाकर बी हेच खाते."

सूज आहे असं कोणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही. भरलेली गरोदर बाई म्हणजे घरची शोभाच असते.

मग डोकं दुखायला लागलं. पहिल्या दिवशी मी कोणाला सांगितलंच नाही. नेहमीचंच आहे, असं धरून चालले. डोळ्यांपुढे काजवे चमकले. तेही मला नवे नव्हते, अर्धशिशीत चमकतातच. फक्त या वेळी दोन्ही बाजूंनी दुखत होतं आणि उजव्या बरगडीखाली कोणी मूठ रोवल्यासारखं वाटत होतं. पोटाचं दुखणं सांगायचं म्हणजे मामंजींच्या कानावर जाणार, आणि सासऱ्यासमोर पोटाची गोष्ट निघणं मला मरणाहून वाईट वाटायचं. मी गप्प राहिले.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत होते. बाजार उद्यावर आला होता. केळीच्या सोपटाची दोरी मला एकाच्या दोन दिसायला लागली. मी दोन वेळा भलतीकडेच गाठ मारली. आत्याबाईंनी माझ्या हातातली जुडी काढून घेतली.

"डोकं उठलं का?"

मी मान हलवली.

"मंग सांगत काऊन नाही? जाय, पड."

त्यांनीच सुंठ उगाळून लावली, खिडकीला पोतं बांधलं. मी पडले. आत्याबाई मधून मधून येऊन डोकावून जायच्या. उलटी झाली तेव्हा गाडगं पुढं धरलं आणि पाठ चोळली. संध्याकाळ झाली. गाई घरी आल्या. देवापाशी दिवा लागला.

"उतरलं का वो?" त्यांनी विचारलं.

"उतरून राह्यलं," मी म्हटलं.

त्या जवळ बसल्या. माझा हात हातात घेतला. सातव्या महिन्यात त्यांनीच हौसेनं भरलेला हिरवा चुडा माझ्या मनगटात रुतून बसला होता. त्यांनी एक बांगडी फिरवून पाहिली. फिरली नाही.

"चौथीपर्यंत तुले हेच शिकवलं का, खोटं बोलाचं? दिवस बुडाला. अर्धशिशी असती त आतापर्यंत उठून भाकरी टाकल्या असत्या तुनं."

मामंजी ओट्यावर बिडी पीत बसले होते. ते तिथूनच बोलले, "अर्धशिशीच हाय थे. आज दिवसभर आभाळ होतं. सूर्यच दिसला नाही, त तिले कसं समजन का दिवस बुडाला म्हून?"

"तुमाले समजला ना दिवस बुडाला? जेवाले मांगून राह्यले म्हून ईचारलं."

"उद्या बाजार हाय. सकाळी पाहू."

"बाजार तुमी करा. टोपलं तयार हाय."

एवढं बोलून त्यांनी लुगडं बदललं. आयुष्यात मामंजींनी कधी टोपलं डोक्यावर घेतलं नव्हतं, हे साऱ्या गावाला माहीत होतं. त्या बाजाराला आत्याबाईंची जागा रिकामी राहिली, असं मी नंतर ऐकलं.

उटनूरला परत जाणारी शेवटची बस अजून यायची होती. आत्याबाईंनी मला धरून नेलं. वाटेत काकू भेटल्या. म्हणाल्या, "आठव्या महिन्यात तिनसांजेले बाईले शिवेबाहेर नेत नाही वो, काही समजते का?" आत्याबाई थांबल्याही नाहीत. चालता चालता म्हणाल्या, "समजते. म्हूनच तर घाईनं नेऊन राह्यली." घरात त्या सगळं पाळायच्या. अमावस्या पाळायच्या, ग्रहणात मला सुईसुद्धा हातात घेऊ द्यायच्या नाहीत. त्या दिवशी त्यांनी एकही गोष्ट पाळली नाही, आणि त्याबद्दल पुढंही कधी बोलल्या नाहीत.

बसमध्ये माझं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. रस्ता जंगलातून जायचा, खड्ड्यांचा. प्रत्येक खड्ड्याला त्या दोन्ही तळव्यांनी माझं डोकं वर धरायच्या.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात एक डॉक्टरीण होती, तेलुगू बोलणारी. तिनं माझं तोंड पाहिलं, पायावर अंगठा दाबला. खड्डा पडला, तो भरेना. नर्सला दंडाला पट्टा बांधायला सांगितलं आणि काटा पाहून दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. दुसऱ्या हाताला सलाइन लावायचं होतं. बांगड्या निघेनात. साबण लावून पाहिला. नर्स आमच्याकडचीच असावी. ती हळूच म्हणाली, "फोडाव्या लागतील, पण…" आठव्या महिन्यातल्या बाईचा चुडा फोडायला तिचाही हात धजेना.

आत्याबाईंनी माझ्या मनगटाभोवती आपला पदर गुंडाळला, हात खाटेच्या लोखंडावर ठेवला आणि एकेक बांगडी स्वतः फोडली. आमच्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. प्रत्येक बांगडीला त्या "वाढली, वाढली" म्हणत होत्या. काच त्यांच्याच बोटात गेली. मला खरचटलंसुद्धा नाही.

डॉक्टरणीनं विचारलं, दुखणं कधीपासून? आत्याबाईंनी बाजारातल्या तेलुगूत सांगितलं, "तलनोप्पी. पोद्दुना नुंची." डोकेदुखी, सकाळपासून. माझ्यानं राहवेना. मी त्यांचा पदर ओढला. त्या वाकल्या. त्यांच्या कानात मी सगळं सांगितलं: सकाळपासून नाही, परवापासून दुखतंय, बरगडीखाली दुखतंय, एकाचे दोन दिसतात.

त्या सरळ झाल्या आणि "मोन्नटी नुंची", परवापासून, असं सुधारून सांगितलं. बाकीचं शब्दांत येईना, तेव्हा स्वतःच्या बरगडीवर हात ठेवून आणि डोळ्यांपुढे दोन बोटं धरून दाखवलं.

डॉक्टरीण भडकली. हिंदीत म्हणाली, "तीन दिन से घर में क्या कर रहे थे? झटका आ गया तो माँ भी जाएगी, बच्चा भी जाएगा. ये सिर का दर्द नहीं है, ख़ून का दबाव है. चेहरा सूज गया, तुमको दिखा नहीं?"

वॉर्डातल्या सगळ्या बाया बघत होत्या. बाजारात कोणाचा एक शब्द उसना न ठेवणारी माझी सासू खाली मान घालून उभी होती.

"बहू बोली थी, डॉक्टरीनबाई," त्या म्हणाल्या. "मैंच नै सुनी. मेरी गलती है."

मी बोलले नव्हते. त्यांना ते आत्ता, कानात कळलं होतं. तरी सगळा राग त्यांनी अंगावर घेतला, आणि पुढे घरी, गावात, घरधन्यांपुढेही हेच सांगितलं: तिनं सांगितलं होतं, मीच अर्धशिशी समजले. मी एकदा विरोध करायला गेले, तर म्हणाल्या, "तू गप राह्य. गप राहाची सवय हाय ना तुले?"

मला अंधाऱ्या खोलीत ठेवलं, इंजेक्शनं दिली. फिटचा झटका आला नाही. पण पोर पोटात ठेवता येणार नव्हतं. ती वेळेआधीच झाली. एवढीशी, लाल, रडली तरी आवाज मांजरीच्या पिलासारखा. डॉक्टरीण म्हणाली, आईचं संकट टळलं, हिचं अजून सांगता येत नाही. दूध ओढेल तर जगेल.

ती ओढत नव्हती. घरधनी आदिलाबादहून थेट दवाखान्यात आले होते. आत्याबाईंनी त्यांना गावी पाठवून घरचा कापूस मागवला. नर्सच्या सांगण्यावरून पोरीला त्यात गुंडाळून छातीशी धरलं. माझं दूध वाटीत काढून त्या थेंब थेंब तिच्या ओठांवर सोडायच्या. एक थेंब गिळला की थांबायच्या, मग दुसरा. बसल्या जागी भाकर खायच्या. मी त्यांना आडवं झालेलं पाहिलं नाही. पोरीशी मात्र अखंड भांडण चालायचं. "गीळ वो माय, गीळ. मायवर गेली का तू? तोंड उघडाले लाजते काय?"

मग एका दुपारी मी तिला सहज छातीला लावली आणि ती ओढायला लागली. आधी हळू, मग जोरात. मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्या उठल्या, पोरीच्या गालाची हालचाल जवळून पाहिली, घशाला बोट लावून पाहिलं. मग वाटी खिडकीत ठेवली, माझ्या खाटेखाली फरशीवर आडव्या झाल्या आणि झोपल्या. भर दुपारी, लोकांच्या गर्दीत, डोक्यावरचा पदर सरकलेला, तोंड उघडं.

वॉर्ड झाडणारी बाई आली. झाडूनं खाटेचा पाय ठोकून म्हणाली, "वो म्हातारे, ऊठ. झाडू दे."

"झोपू द्या त्यायले," मी म्हटलं.

इतक्या मोठ्यानं म्हटलं की पलीकडच्या खाटेवरची बाई उठून बसली. झाडणारी माझ्याकडे बघतच राहिली आणि पुढच्या खाटेकडे गेली. पोरगी दूध ओढत होती. आत्याबाईंना जाग आली नाही.