सूक्ष्मदर्शकावरचं कुंकू : बी.एस्सी.साठी आर्णी, यवतमाळ, पांढरकवडा

बारावीचा निकाल लागला आणि भाची समीक्षा म्हणाली, "मामा, मले जीवशास्त्रातच बी.एस्सी. करायचं आहे. कॉलेज पाहाले चालता का?" घरात संस्कृत शिकलेला मी एकटाच, त्यामुळे शिक्षणविषयक सर्व संकटांवर माझीच नेमणूक होते. यवतमाळ आणि पांढरकवडा, विद्यापीठ दोन्हीकडे एकच. निवडायचं होतं कॉलेज. अर्ज परवा भरायचा होता.

आर्णीहून सकाळची एसटी धरा, यवतमाळ तासाभराचं. तिला अर्धं तिकीट, मला पूर्ण. खिडकी मात्र तिची. स्टँडबाहेर लाल झणझणीत रश्शाचे तर्री पोहे खाल्ले. पांढरा शर्ट घालून तर्री मागवू नये, हा सल्ला फुकट.

पहिलं कॉलेज तीन मजली. समीक्षाच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या भाऊजींनी, तेच पक्कं केलेलं. खिडकीवरचे बाबू मायेने म्हणाले, "रोज यायचं टेन्शन नको घेऊ, बेटा. प्रॅक्टिकलच्या परीक्षेले ये. हजेरीचं आम्ही पाहून घेतो."

"मंग शिकवता केव्हा?" समीक्षाने विचारलं.

पोरीला ताप आहे का, अशा नजरेने बाबूंनी माझ्याकडे पाहिलं.

प्रयोगशाळेची किल्लीच सापडेना. शेवटी शिपाईकाकांनी कुलूप उघडलं. ओळीने सूक्ष्मदर्शक, अंगावर प्लास्टिक तसंच, आणि जिथे डोळा लावायचा त्या भिंगावर हळद-कुंकवाचं बोट. दसऱ्याची पूजा!

"आले तवापासून एक बी बिघडला नाही," काका अभिमानाने म्हणाले.

शस्त्रपूजा मलाही मान्य; पण पूजेनंतर शस्त्र उचलायचं असतं, असा माझा समज होता. समीक्षा एकावर वाकली. वर आली तेव्हा पापणीला कुंकू. मी हसलो. ती नाही हसली. "मामा, तीन वर्षं मी इथं काय पाहू?"

दुपारच्या बसने पांढरकवडा. रस्ता झाडीचा, पण मधले खड्डे झोपू देत नाहीत. हे कॉलेज लहान, पत्र्याचं. परीक्षेआधीची प्रॅक्टिकलं चालू होती : सूक्ष्मदर्शक दोन, पोरंपोरी बारा. एका उंच मुलीने बजावलं, "इथं रोज यावं लागते बरं. नाही आली तं मॅडम घरी फोन लावते." मग तिने समीक्षाला तळ्याच्या पाण्याचा थेंब दाखवला.

"मामा, हे चालून राह्यलं!"

ती हलेचना. मागून आवाज आला, "ओ बाई, घर बांधलं का तिथं? आमचा नंबर हाये!"

संध्याकाळी घरी परतलो. भाऊजींचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आहे. हात पुसत म्हणाले, "न जाता डिग्री भेटते, तं इतक्या दूर काहून? पंडितजी, तुम्हीच पोरीले बिघडवलं."

समीक्षाने कुंकवाचं सांगितलं.

"दसऱ्याचं?" भाऊजींचा हात थांबला. "आता जूनमधी?"

"हो, बाबा."

"आमच्या पान्यावरचं कुंकू दुसऱ्या दिवशी दहापर्यंत राहत नाही," ते पुटपुटले. मग माझ्या ताईकडे न पाहता मलाच विचारलं, "तिथल्या होस्टेलात जेवण बरं भेटते ना?"

तिसऱ्या दिवशी पांढरकवड्याचा अर्ज भरला. तिथे जागा भरपूर शिल्लक होत्या. त्या तीन मजली कॉलेजची यादी मी सहज पाहिली. एकही जागा उरली नव्हती. प्रवासाचा शीण उतरला. हे काही अजून गळी उतरत नाही.