खिंडीतल्या खोपीची किल्ली

बुधवार पेठेत रामदासकाकांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. तिथे एका खिळ्याला चाळीस वर्षं एकच किल्ली लटकते आहे. हरवू नये म्हणून तिला जुन्या रेडिओचं बटण बांधलेलं. ही किल्ली डोंगरातल्या खोपीची. तरुणपणी काकांनी आणि त्यांच्या चार मित्रांनी डोक्यावरून पत्रे वाहून नेले आणि खिंडीत ती उभी केली. भटक्यांना पाठ टेकायला जागा, शेजारी पाण्याचं टाकं, माणसाची वस्ती म्हणाल तर दोन तास खाली एक धनगरवाडा. पुढे बाटल्या घेऊन येणाऱ्यांचा सुळसुळाट झाला, दाराला कुलूप बसलं आणि किल्ली काकांकडे आली.

नियम सोपा होता. शनिवारी किल्ली न्यायची, सोमवारी बाराच्या आत आणून द्यायची. उशीर करणाऱ्याला काका म्हणत, "या. मला वाटलं वरच बिऱ्हाड केलंत." पण थट्टा माणूस समोर उभा असेल तरच. बारापर्यंत किल्ली आली नाही, की काका शटर ओढून थेट डोंगराकडे निघत. एकदा अशीच आली नाही, म्हणून तर पाय मोडून घळीत पडलेले एक मास्तर जिवंत सापडले.

यंदा खोपीची देखभाल करणाऱ्या गिर्यारोहण संस्थेच्या नव्या मंडळींनी आकड्यांचं कुलूप बसवलं. आकडे मोबाईलवर येतात. सोय झाली, नाही कोण म्हणतंय! फक्त वर कोण गेलं आणि खाली कोण आलं, ते काकांना कळेनासं झालं.

गेल्या शनिवारी त्यांची नात निकिता खोपीवर गेली. ती वारज्याला मैत्रिणींबरोबर राहते, आयटीत आहे. "रविवारी संध्याकाळी येते परत," एवढंच सांगून गेली. रविवारी संध्याकाळी तिचा फोन लागला नाही. सोमवारी सकाळीही नाही. अकरा वाजता काकांनी संस्थेच्या सचिवाला, ऋषीला, फोन केला.

"काका, टेन्शन नका घेऊ. तिकडे रेंजच नसते."

बारा वाजले. काका सवयीने उठले, शटरला हात घातला आणि गुडघे दुकानाच्या पायरीवरच अडले. ही एक पायरी उतरायला ज्याला दाराची चौकट धरावी लागते, तो खिंड काय चढणार? पोर कुठल्या घळीत पडली असेल आणि आपण इथे उभे, या विचाराने त्यांना भर पेठेत रडू आलं.

साडेबाराला निकिता धावत आली.

"आजोबा, ऋषीने वैष्णवीच्या फोनवर कळवलं, तुम्ही घाबरलात म्हणून! माझा फोन टाक्यात पडला. काल सहालाच पोचले मी. वैष्णवी, माझी रूममेट, तिच्याच फोनवरून आमच्या ट्रेकच्या ग्रुपवर टाकलं होतं की!"

"अस्सं. आणि मी कुठे आहे ग्रुपवर?"

काकांनी खिळ्यावरची किल्ली काढून तिच्या हातात दिली.

"पुढच्या वेळी जाताना ही ने."

"आजोबा, ते कुलूप आता नाहीये."

"ठाऊक आहे," काका म्हणाले. "तरी ने. आणि परत आणून दे."