कोरडा बर्फ आणि आबांचे हात

माझं लग्न आठ दिवसांवर आलं होतं आणि माझे वडील विहारात पुढे उभे राहायला तयार नव्हते. "म्या मागं बसतो, तुजा मामा हाय की," एवढंच म्हणायचे. कारण विचारलं की हात सदऱ्याच्या खिशात घालायचे. मी भांडले, अबोला धरला, आईला मध्ये घातलं. आबा काही बधले नाहीत.

कारण हातांचंच आहे, हे मला कळत होतं. काष्टीच्या बाहेर एका रस्ते ठेकेदाराचं यार्ड होतं, तिथे ते वीस वर्षं डांबराची यंत्रं साफ करत होते. डांबर पसरणारा पेव्हर संध्याकाळी यार्डात आला की डिझेल, खुरपं आणि गोणपाट घेऊन त्याच्या पोटाखाली शिरायचं, हे त्यांचं काम. ते डांबर त्यांच्या नखांत आणि भेगांत असं घर करून बसलं होतं, की साबण, राख, रॉकेल, कशालाच दाद देत नव्हतं.

त्याच यार्डाच्या वर्कशॉपमध्ये मी डिप्लोमा करून लागले होते. नव्वदचं दशक सरत आलं होतं. त्या आठवड्यात पुण्याहून एक टेम्पो आला. त्यातले लोक म्हणे कोरड्या बर्फाने यंत्र साफ करून दाखवणार. साहेब म्हणाले, बघायला काय जातंय. मला ही शुद्ध थाप वाटली. भर उन्हाळ्यात बर्फ म्हणजे आमच्याकडे गोळ्याची गाडी. त्यानं डांबर कसलं निघतंय!

त्यांनी थर्माकोलच्या पेटीचं झाकण काढलं आणि पांढरा धूर बाहेर आला. वर चढायचं सोडून तो जमिनीवर उतरला. आत तांदळाएवढे पांढरे दाणे होते. "हात लावू नका, कातडी जळेल," त्यांचा ऑपरेटर म्हणाला. बर्फानं भाजतं, हे ऐकून आमची माणसं खो खो हसली. त्याने दाणे यंत्रात ओतले, आमच्या कॉम्प्रेसरचा पाइप जोडला आणि विचारलं, सगळ्यात घाण जागा कुठली? आबांनी क्षणात दाखवली. पेव्हरच्या मागच्या पत्र्याची आतली कड. तिथलं डांबर त्यांच्यापुढेही कधी नमलं नव्हतं.

मग जो आवाज सुरू झाला त्यानं कानठळ्या बसल्या. पाइपाच्या तोंडातून पांढरा फवारा निघाला आणि गारठून कडक झालेलं डांबर तडातडा फुटून खपल्या उडू लागल्या. बघता बघता खालचा पिवळा रंग दिसला. मग कारखान्यात ठोकलेला नंबर वर आला, जो मी आजवर फक्त कागदावर वाचला होता. माझ्या अंगावर काटा आला. कुठे पाणी नाही, डिझेल नाही. दाणे लोखंडावर आदळत होते आणि हवेत विरून जात होते. खाली उरत होत्या फक्त झाडून घ्यायच्या खपल्या. डिप्लोम्याची माझी सगळी मिजास तिथल्या तिथे उतरली. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले.

त्याने फवारा थांबवला तेव्हा आबा वाकून जमीन चाचपत होते. "पानी कुठं गेलं?"

"हवा झाली त्याची, आबा."

ते उठले. साफ झालेल्या कडेवरून त्यांनी बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. "वीस वर्सं म्या हितं खुरपं घासतुया," ते म्हणाले. इतकं नवल मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं.

फवारा परत सुरू झाला. आणि कुणाला काही कळायच्या आत आबांनी उजवा हात सरळ त्याच्यासमोर धरला.

ऑपरेटरनं झटक्यात पाइप वर उचलून यंत्र बंद केलं. मी धावत जाऊन आबांचं मनगट पकडलं. थोडक्यात निभावलं होतं. "वेड लागलंय का तुम्हाला? कायमचा हात गेला असता!" मी सगळ्या यार्डासमोर ओरडले.

"लोखंडाचं येवढं जुनं निगालं," ते ओशाळून म्हणाले. "म्हनलं, माजं बी निगंल."

"पण कशाला? मी कधी म्हणाले, तुमचे हात घाण आहेत म्हणून?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता. "पाचवीत हुतीस. शाळेचा पांढरा शर्ट घातला हुतास. म्या डोक्यावरनं हात फिरवाया आलो तर म्हनलीस, आबा, हात लावू नगा, डाग पडंल." मग हळूच म्हणाले, "लग्नातली साडी बी पांढरीच की गं."

तो दिवस मला आजतागायत आठवत नाही. किती आठवायचा प्रयत्न केला, तरी नाही. आबांनी मात्र तो इतकी वर्षं सांभाळला होता, एका शब्दानंही न बोलता.

लग्नात मी त्यांना ओढूनच पुढे आणलं. ते उभे राहिले, पण हात पाठीमागे बांधून. वंदना झाली, हार घालून झाले, आहेर द्यायला माणसांची रांग लागली. मी पांढऱ्या साडीचा पदर डोक्यावर घेतला आणि आबांच्या पुढ्यात मान खाली घालून उभी राहिले. मागे रांग खोळंबली. मामा चला चला करू लागला. आबांचे दोन्ही हात माझ्या डोक्यावर येईपर्यंत मी तिथून हलले नाही.