गुरुबसवानं लेकीसाठी केलेला कंप्यूटर

नौबादचा गुरुबसव तसा लई सादा माणूस. मूळचा कमठाण्याचा. बाप गेल्यावर मायीला, दानम्माला, घेऊन नौबादला आला आन बीदरच्या एका आपिसात कंप्यूटरवर टायपिंगला लागला. बारा वर्षं एकाच मशीनपुढं बसला. ठेक्यावरचं काम, पर्मनंट काय झालं न्हाई. लोकांचे कागद टाइप करून करून मान वाकडी झाली, आन एके दिवशी साहेब म्हणला, ठेका संपला, उद्यापासून येऊ नको. एवढंच. चहाबी न्हाई पाजला.

मग बायकू, मल्लेश्वरी, गुलबर्ग्याला भावाकडं गेली. शिकलेली व्हती, तितं शाळंत नोकरीला लागली आन लेकीला, शैलश्रीला, तिकडंच घातलं. भांडण न्हाई, सोडचिठ्ठी न्हाई. नुस्तं ती परत आली न्हाई आन ह्यो बोलवायला गेला न्हाई.

लेक मातर दसऱ्याच्या सुट्टीला बापाकडं यायची, धा दिवस. गुरुबसव त्या धा दिवसांवर वरीस काढायचा. पण एका दसऱ्याला ती चौथ्याच दिवशी म्हणली, अप्पा, मी जाते, हितं मी करू काय. तिच्या मामाच्या घरी गेम खेळायचा कंप्यूटर, मैतरणीबी सगळ्या त्येच्यावरच भेटायच्या. गुरुबसव तिला बसवर बसवून आला आन दोन दिवस जेवला न्हाई. त्येला वाटलं, पुढच्या खेपंला घरात तसलं मशीन नसलं तर ही पोरगी येणंच बंद करंल.

तेवढ्यात त्या आपिसानं जुने कंप्यूटर लिलावात काढले. ह्यानं जाऊन आपण ज्येच्यापुढं बसायचा त्योच उचलून आणला. शेजारच्या बंडेप्पाला हसू आवरंना. म्हणला, "अरे, नोकरीनं सोडलं तुला, आन तू कामून तिला घरात नांदवायलास?"

हसू दे म्हणला गुरुबसव. वरीसभर त्या डब्याला लागला. दिवसभर झेरॉक्सच्या दुकानात बसायचा, आन घरी आला की हातात पेचकस. मशीन दमदार व्हतं, पण आपिसाचं ते, त्येला खेळाचं काय ठावं. पडद्यावर चित्र उमटवायचं जे कार्ड असतंय ते गेमला पुरंना. हैदराबादला जाऊन जुनं देऊन मोठं कार्ड आणलं, ते बी कुणाचं तरी वापरलेलं. तर त्येला करंट पुरंना, वायरीची पिनबी येगळीच. पुन्ना हैदराबाद, दुसरी करंटची पेटी. पेटी बसंना तर पत्रा कापला, बोटं कापून घेतली. कार्ड एवढं रुंद की बाजूचं झाकणच लागंना. न्हाई लागलं तर राहू दे, उगडंच चालू दे म्हणला, हवा लागंल.

दानम्मा हातातलं काम टाकून बगत बसायची. एकदा विचारली, ह्येचा जीव कुटं असतो रे? त्येनं बोट ठेवून दाखवलं. "अव्वा, ह्या कार्डात. हे चाललं की सगळं चाललं."

नवमीच्या आदल्या दिवशी गेम चालला. पडद्यावर गाडी पळायली, रस्त्यावर पाऊस, पाण्यात दिव्यांचा उजेड. दानम्मानं पदर डोक्यावर वढून घेतला, म्हणली, मला वाटलं मीच भिजायले. गुरुबसवानं तोंड फिरवून डोळे पुसले. लेकीला फोनवर काय सांगितलं न्हाई, नुस्तं ये म्हणला. ती दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसनं निघणार व्हती.

नवमीला हत्यारांची पूजा. आपिसात बारा वर्षं कंप्यूटरची पूजा ह्यानंच केलेली, आन तिथला नेम असा की पडद्यावर उजेड पायजे, मशीन बंद ठेवून पूजा करायची न्हाई. तसंच त्येनं मायीला सांगितलं, मशीन चालू केलं आन झेंडू आणायला गेला.

दानम्मानं आंघोळ करून विभूती कालवली. विळ्याला, खुरप्याला, शिलाई मशीनला तीन-तीन बोटं वढली. मग ह्या डब्याजवळ आली. वरच्या पत्र्याला लावून काय उपेग, जीव तर आत. तीन बोटं चांगली भिजवली आन त्या कार्डावर आडवी वढली, मन भरंपर्यंत, पाणी गळंपर्यंत.

गुरुबसव फुलं घेऊन आला तर पडदा काळा. आत पंखा फिरायला. वाकून बगितलं तर कार्डावर तीन वले पांढरे पट्टे, आन करपल्याचा वास. माय हात जोडून उभी.

"झाली बग पूजा, गुरू. तेवढी ती टीव्ही बंद झाली. म्या तिला हात न्हाई लावला."

त्येनं तिच्या बोटांकडं बगितलं. अजून वली व्हती. परीक्षेला जाताना, नोकरीला जाताना, हीच बोटं त्येच्या कपाळावर फिरलेली. म्हणला, "चांगली केलीस, अव्वा." मग कार्ड काढून पुसलं, उन्हात ठेवलं, चारदा लावून बगितलं. ते गेलं ते गेलंच. परत हैदराबादला जायाला ना दिवस व्हता, ना अंगात बळ.

शैलश्री आली. हार घातलेल्या त्या उगड्या डब्यापुढं उभी राहिली. गुरुबसव म्हणला, "काल चालत व्हतं गं. खरंच चालत व्हतं." दानम्मा कौतुकानं सांगायली, तुझ्यासाठी केलंय अप्पानं, वरीसभर खपला, आन म्या त्येच्या जीवालाच विभूती लावली. पोरगी शहाणी, तिला कळलं. अज्जीला काय बोलली न्हाई. बापाकडं बगितलं, आन बापानंच मान खाली घातली.

दोन दिवस राहिली, पाहुणी राहते तशी. भाकर गोड झाली म्हणायची, आपलं ताट आपणच घासायची. रागावली असती तरी बरं वाटलं असतं त्येला.

तिसऱ्या दिवशी बसमधी चढताना म्हणली, "अप्पा, पुढच्या दसऱ्याला दहावी हाय माझी. क्लास असत्यात."

"व्हय. दहावी लई महत्त्वाची," गुरुबसव म्हणला.

घरी आला तर दानम्मा दारातच. पोरगी एवढ्या लवकर कामून गेली रे, धा दिवस राहायची ना? त्यो म्हणला, अभ्यास हाय तिला, अव्वा. आन चपला न काढताच भिंतीकडं तोंड करून आडवा झाला.