मशीनची टोपली

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय, तेही नीट कळत नाही. लपवून लपवून दमलोय, एवढंच.

आम्ही तिसगावचे बुरूड. आईने बांबूच्या कामट्या काढून सुपं-टोपल्या विणल्या, बाजारात बसून विकल्या आणि मला शिकवलं. घराण्यातला पहिला पदवीधर मी. पुढे शिष्यवृत्तीवर कॅनडाला गेलो. आईचे उपकार मानतो — तेव्हाही मानत होतो. पण उपकार मानणारा माणूस भेकड नसतो, असं कुठे आहे?

तिथे कॉलेजने आम्हाला एका लहानशा बेटावर नेलं होतं. मिकमाक लोकांचं बेट. त्या मुलखातले मूळ रहिवासी ते. एक आजी झाडाच्या खोडापासून काढलेल्या ओल्या, पातळ पट्ट्यांची टोपली विणत बसल्या होत्या. विणता विणता सांगत होत्या — लहानपणी शाळेत आपली भाषा बोललं की मार बसायचा. इतका, की पुढे आईच्या टोपल्यांचीही लाज वाटायला लागली. म्हातारपण जवळ आल्यावर त्या पुन्हा विणायला बसल्या.

त्यांनी एक पट्टी माझ्या हातात दिली. माझ्या बोटांनी ती आपसूक आत-बाहेर घातली, अंगठ्याने दाबून बसवली. आजी थांबल्या. "तुझ्या घरी कोण विणतं?"

बरोबरची पुण्या-मुंबईची मुलं ऐकत होती. मी म्हणालो — कोणी नाही. आई शिक्षिका आहे.

मला कधी कुणी मारलं होतं का?

निघताना आजींनी एक टोपली माझ्या हातात ठेवली. काठाला सुवासिक गवत गुंफलेलं. म्हणाल्या, "घरी जी विणते, तिला दे."

परत आलो. केडगावला घर केलं, आईला घेऊन आलो. टोपली दिली. कुठलीही टोपली हाती आली की ती करते तेच तिने केलं — आधी पालथी करून बूड पाहिलं. मग वास घेतला. चेहरा असा उजळला तिचा...

"कोनी इणली रं ही?"

सांगायला काय हरकत होती? पण आजींची गोष्ट निघाली असती, तर मी तिथे काय बोललो तेही आज ना उद्या निघालं असतं. आजींचा निरोप मी गिळला.

"मशीनची हाय, आई."

तिने काठावरून बोट फिरवलं. "मशीन लई शानी म्हनायची. हितं काठाला दमलीय बघ बिचारी."

पुन्हा तिने कधी विचारलं नाही.

आता तिची बोटं वळत नाहीत. टोपलीत तिच्या औषधाच्या गोळ्या असतात. घरी आलेलं कुणी ती उचलून बघतं, कुणी विणली विचारतं — आणि मी तोंड उघडायच्या आत, माझ्याकडे न बघता, आईच सांगून टाकते, "मशीनची हाय."

मी चहा बघायला आत जातो.